पाणी घालणाऱ्याचं नाव

आजचं वाचन : १ करिंथ ३:५-९



आजच्या भागात पौल करिंथच्या भांडणाऱ्या मंडळीला शेतीच्या भाषेत समजावतो. रोप त्याने लावलं, पाणी अपुल्लोसाने घातलं, पण वाढ देवाने दिली. म्हणून लावणारा आणि पाणी घालणारा, दोघेही काहीच नाहीत. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळ. तिथल्या कांदा-बटाटा लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. रात्री उठून मोटर चालू करणं त्याच्या हातात, पीक येणं नाही.

मी मात्र याच वचनाच्या आड लपलो.

लहानपणी सुट्टीत गावी गेलो की तिथल्या छोट्या चर्चमध्ये पेटी वाजवणारे सर मला शिकवायचे. फी नाही, परीक्षा नाही. काळी चार धरून एकच चाल पन्नास वेळा. आज पुण्यात मी वर्शिप टीममध्ये कीबोर्ड वाजवतो. मागच्या महिन्यात आमच्या गाण्याचा व्हिडिओ टाकला. खाली माइकवाला, कॅमेरावाला, कॉफी आणणारा मित्र, सगळ्यांचे आभार. आईने विचारलं, "आणि सर?" मी म्हणालो, "अगं, गौरव देवालाच ना!" ती काही बोलली नाही. ते न बोलणंच लागलं.

‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधलं गाणं आपण लग्नात नाचायला लावतो. पण हे नाव खऱ्या माणसाचं आहे. अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. वडील तिथल्या चर्चमध्ये गायनवृंद सांभाळायचे आणि संगीत शिकवायचे. गोव्यात अशा शिक्षकाला ‘मेस्त्री’ म्हणत. चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचं, सणाच्या मिस्सेला गाणं बसवायचं, हे त्याचं काम. मुंबईच्या सिनेमाला इतके गोवेकर वादक मिळाले ते याच शाळांमुळे. अँथनीही मुंबईत आले, वादक आणि शिक्षक झाले. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांनी या गाण्यातून गुरूचं नाव घराघरांत नेलं. २०१२ मध्ये अँथनी गेले. त्यांच्या वडिलांचं नाव मात्र आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

शेजारच्या जुन्नर तालुक्यात ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात उपदेश करणारे ते हेच. शिष्याने नाव घेतलं नसतं, तर आपल्यातल्या कितीजणांपर्यंत ते पोचलं असतं?

मग पौल चुकला का? नाही. करिंथमध्ये ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ असे गट पडले होते. तिथे गुरूचं नाव स्वतःची उंची वाढवायला वापरलं जात होतं. म्हणून पौल स्वतःला ‘काहीच नाही’ म्हणतो. लक्ष द्या, हे तो स्वतःबद्दल आणि सोबत्याबद्दल म्हणतोय. पाणी घालणाऱ्याने ते म्हणायचं असतं. रोपाने नाही.

आणि हाच पौल रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात काय करतो? फिबी, प्रिस्का, अक्विला, एकेकाचं नाव घेतो, कोणी काय कष्ट केले ते सांगतो. पत्र लिहून घेणारा तर्तियसही तिथे स्वतःचा सलाम देतो. देवाचा गौरव त्याने कमी झाला नाही.

गुरूचं नाव घेऊन मी मोठा होत असेन, तर ती गटबाजी. नाव घेताना मी लहान होत असेन, तर ती कृतज्ञता. आणि नाव टाळून मीच मोठा राहत असेन, तर तोंडाने ‘गौरव देवाला’ म्हटलं तरी तो गौरव माझ्याच खिशात जातो.

रविवारी गावी गेलो. सरांना व्हिडिओ दाखवला, चूक सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "ते जाऊ दे. दुसऱ्या कडव्यात लय पळतेय तुझी." मग पेटी पुढे सरकवली.

आज एक काम करा. तुम्हाला ज्यांनी पाणी घातलं, त्यांना फोन करा.

प्रभू, वाढ तूच देतोस. पण ज्या हातांनी ती आमच्यापर्यंत आणलीस, ते हात विसरण्याचं पाप आम्हाला क्षमा कर. आमेन.