‘हे अंशतः खरे आहे’

महाराष्ट्राच्या विधिमंडळातला तारांकित प्रश्न एका ठरावीक साच्यात लिहिलेला असतो. अमुक तालुक्यातील अमुक प्रकल्पाचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही तसेच ठरावीक शब्दांत येते. ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या चाळणाऱ्याला हा निव्वळ कागदी उपचार वाटण्याचा संभव आहे. पण राज्यकारभारातली एक दुर्मीळ गोष्ट याच उपचारात घडते. मंत्र्याला आपल्या खात्याची स्थिती स्वतःच्या नावाने सभागृहाच्या नोंदीत द्यावी लागते. पत्रकार परिषदेत सांगितलेला आकडा दुसऱ्या दिवशी फिरवता येतो. सभागृहात जाणूनबुजून चुकीचा आकडा दिला, तर हक्कभंगाला तोंड द्यावे लागते.

मंत्रालयापासून जो भाग जितका लांब, तितकी ही सोय त्याला अधिक मोलाची. मुंबईतल्या उद्योजकाला सचिवाची भेट मिळते, पुण्यातल्या संस्थेला वर्तमानपत्राचा रकाना मिळतो. धारणीच्या किंवा अहेरीच्या माणसाकडे आमदाराने विचारलेला प्रश्न असतो. त्याचे उत्तर पोकळ आले, तर आपल्यावर अन्याय झाला हे सिद्ध करण्याचा त्याचा हक्काचा मार्गच बंद होतो. प्रश्नोत्तराच्या तासाची चर्चा आपल्याकडे बहुधा संसदीय शिष्टाचाराच्या अंगाने होते. महाराष्ट्रात तिला प्रादेशिक न्यायाचे अंग आहे आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे.

या राज्याची घडणच प्रादेशिक आश्वासनांवर झाली. 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. सर्व विभागांना निधीचे न्याय्य वाटप आणि विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपूरला, ही त्यातली कलमे पुढे सर्वतोमुखी झाली. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आली. या तरतुदीतला एक भाग फार थोड्यांच्या लक्षात राहिला आहे : प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल. घटनेने निधीवाटपाची काळजी केली आणि तिच्या जोडीला सभागृहापुढे हिशेब मांडण्याचे बंधनही घातले.

प्रत्यक्षात मंडळे आली 1994 साली. मधल्या अडतीस वर्षांत भांडण चालले ते आकड्यांचे. विदर्भ मागे पडला असे नागपूरचा आमदार म्हणे, ते खरे नाही असे मंत्री म्हणे आणि दोघांकडेही दुसऱ्याला मान्य होईल असे माप नसे. ते माप अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दिले. 1983 मध्ये नेमलेल्या या समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती खाली आहे, हे मोजले. 1984 च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला सुमारे 3,187 कोटी रुपयांचा. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्क्यांच्या आसपास, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास आणि बाकीचा उर्वरित महाराष्ट्राचा. त्याच वर्षी दोन्ही सभागृहांनी विकास मंडळांच्या मागणीचा ठराव एकमताने संमत केला. ‘अनुशेष’ हा शब्द इतकी वर्षे भाषणात होता. आता त्याला जिल्हावार तक्ता मिळाला आणि त्या तक्त्यामुळे मंत्र्यांना विचारता येणारा प्रश्नच बदलला. ‘आमच्याकडे दुर्लक्ष का?’ या प्रश्नावर भाषणाने वेळ मारून नेता येते. ‘बुलढाण्याच्या सिंचनाच्या अनुशेषापैकी यंदा किती भरून निघाला?’ या प्रश्नाला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते.

पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजणी केली, तेव्हा एप्रिल 1994 चा अनुशेष 14 हजार कोटींच्या पुढे गेलेला दिसला. दहा वर्षांच्या किंमतवाढीचा त्यात वाटा होता, पण दरी बुजलेली नव्हती हेही उघड झाले. 2011 मध्ये विजय केळकर यांची समिती आली. तिने जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरावे असे सुचवले, कारण पुणे किंवा नाशिकसारख्या जिल्ह्याच्या सरासरीत त्यातला आदिवासी तालुका बुडून जातो. समितीने अहवाल 2013 मध्ये दिला. तो सभागृहाच्या पटलावर यायला वर्षाहून अधिक काळ गेला. अहवाल पटलावर नाही तोवर त्यावर उपप्रश्न नाहीत आणि त्यातल्या तालुक्यांच्या नावाने मंत्र्याला बांधून घेण्याची सोयही नाही.

आकडा हाती असला की काय घडते आणि नसला की काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सिंचनाचे आहे. 2011-12 च्या आर्थिक पाहणी अहवालाने दाखवले की सिंचनाखालच्या क्षेत्राचे पिकाखालच्या एकूण क्षेत्राशी प्रमाण सुमारे दहा वर्षांत 17.8 टक्क्यांवरून 17.9 टक्क्यांवर आले. त्याच काळात सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्च झाल्याची चर्चा होती. एक दशांश टक्क्याच्या त्या आकड्याने राज्याचे राजकारण ढवळून काढले. नोव्हेंबर 2012 च्या अखेरीस सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. तिच्यात सिंचनक्षमतेची वेगळी वाढ दाखवली गेली आणि क्षमता व प्रत्यक्ष भिजलेले शेत यांतला फरक प्रथमच सामान्य वाचकापर्यंत पोचला. पाठोपाठ जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. एका सरकारी आकड्याने एवढे साधले. त्यानंतर मात्र सलग काही वर्षे आर्थिक पाहणीच्या त्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे छापले जाऊ लागले. राज्याने एवढा पैसा ज्यावर खर्च केला, त्याचे फलित राज्यालाच उपलब्ध नसावे, ही गोष्ट सभागृहाने सहन करायला नको होती. आमदाराच्या प्रश्नाला धरायची जागाच त्या दोन शब्दांनी काढून घेतली.

गोसीखुर्दचेही तेच. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्यासाठी वैनगंगेवर आखलेल्या या प्रकल्पाची कोनशिला 1988 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. मूळ खर्च 372 कोटी होता. तो 18 हजार कोटींच्याही पलीकडे गेला. मधल्या काळात त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि पूर्णत्वाची मुदत पुन्हापुन्हा पुढे गेली. अशा प्रकल्पाबद्दल ‘काम प्रगतीपथावर आहे’ हे उत्तर खोटे नसते, पण त्यातून काहीही कळत नाही. मागच्या उत्तरात कोणते वर्ष सांगितले होते, ते का चुकले, या वर्षी किती हेक्टरवर पाणी पोचले, एवढे तीन तपशील सक्तीचे केले तर त्याच प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याच्या कामाचे होईल.

सर्वांत वेदनादायक उत्तरे मेळघाटाची. चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांतल्या बालमृत्यूंवर 1990 च्या दशकापासून सभागृहात प्रश्न येत आहेत. बालके दगावली हे खरे आहे काय, असे आमदार विचारतो. मृत्यू कुपोषणाने झाले नाहीत. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, जन्मतः कमी वजन, अपुऱ्या दिवसांचे मूल ही कारणे आहेत, असा उत्तराचा रोख असतो. वैद्यकीय दाखल्यावर ते बरोबर असेलही. पण अशक्त आईच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मले आणि न्यूमोनियाने गेले, तर उपासमारीचा त्याच्याशी संबंध नाही असे म्हणणे सत्याला सोडून आहे. 2001 मध्ये स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अभ्यासाने मुळात मृत्यूंची नोंदच अपुरी होत असल्याचे दाखवले आणि नंतर सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमली. मंत्र्याचे उत्तर ज्या नोंदवहीवर उभे होते, तीच अपुरी निघाली. शेतकरी आत्महत्यांच्या उत्तरांतही ‘पात्र’, ‘अपात्र’ आणि ‘चौकशीसाठी प्रलंबित’ असे तीन रकाने असतात. एक लाख रुपयांच्या मदतीचा निकष लावण्यासाठी ते केले गेले. सभागृहात मात्र ते दुःखाचे मोजमाप म्हणून वाचले जातात आणि अपात्र ठरलेला माणूस चर्चेतूनच बाहेर पडतो.

लेखी उत्तराच्या पुढची पायरी म्हणजे उपप्रश्न. अधिकाऱ्यांनी लिहून दिलेले उत्तर कोणीही वाचू शकतो. उपप्रश्नाला उत्तर देताना मंत्र्याला खाते किती ठाऊक आहे ते दिसते. अधिकारी दीर्घेतून चिठ्ठी येईपर्यंतचे ते अर्धे मिनिट सगळे सभागृह पाहत असते. लोकसभेत 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर प्रश्न आला. पहिले उत्तर मोघम होते. फिरोज गांधी यांनी विषय सोडला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. सत्ताधारी पक्षाच्या सदस्यानेच हे केले, याची आज आठवण ठेवायला हवी.

गोव्यात ही परंपरा अधिक जिवंत आहे. चाळीस आमदारांच्या त्या विधानसभेत ‘एलएक्यू’ (विधानसभेतला प्रश्न) हा शब्द सामान्य वाचकाच्याही तोंडी आहे आणि उत्तरांसोबतची जोडपत्रे वर्तमानपत्रे बारकाईने वाचतात. नगरनियोजन कायद्याच्या 17(2) कलमाखाली कुठल्या गावातली किती जमीन वसाहतीसाठी बदलली, याचे तपशील आमदारांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतून लोकांपुढे आले. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. सर्व्हे नंबरासकट उत्तर मिळाले, तर गावकऱ्याला लढायला आधार मिळतो.

महाराष्ट्रात हा आधार 2020 साली तिन्ही बाजूंनी सुटला. 30 एप्रिल 2020 रोजी विकास मंडळांची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर आणि डिसेंबर 2020 ची अधिवेशने करोनामुळे दोन-दोन दिवसांत उरकली, त्यात प्रश्नोत्तराच्या तासाला जागा नव्हती. सलग दोन वर्षे, 2020 आणि 2021 मध्ये, हिवाळी अधिवेशन नागपूरला झालेच नाही. साथीची अडचण खरी होती. पण मागास भागांसाठी राज्याने तीन हमी दिल्या होत्या : मंडळांचा वार्षिक अहवाल, नागपूरचे अधिवेशन आणि मंत्र्याला विचारलेला प्रश्न. त्या तिन्ही एकाच काळात थांबल्या आणि त्याची खंत सत्ताधाऱ्यांना किंवा विरोधकांना फारशी वाटली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला तोवर दोन वर्षांचा हिशेब निसटला होता.

दोष फक्त मंत्र्यांचा नाही. एकाच प्रश्नावर ढिगाने आमदारांची नावे छापली जातात आणि क्रम आला की उपप्रश्न विचारायला मोजकेच उभे राहतात. गोंधळात तास वाया गेला की विरोधकांना मथळा मिळतो आणि सरकारची उत्तरातून सुटका होते. मतदारसंघातल्या एका पुलाचा, एका बदलीचा प्रश्न विचारणे गैर नाही. पण विभागाच्या धोरणावर प्रश्न विचारणारे आमदार कमी होत चालले, तर अनुशेषाची भाषाच सभागृहातून जाईल. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या, पण आश्वासन समितीकडे पडून राहिलेल्या आश्वासनांवर सभागृहात नियमित चर्चा होत नाही, ही आमदारांचीही चूक आहे.

काही बदल सहज करता येतील. सिंचन, आरोग्य, रस्ते आणि शिक्षणावरच्या प्रत्येक उत्तरासोबत तालुकावार तक्ता बंधनकारक करावा. त्याच विषयावरचे मागचे उत्तर शेजारी छापावे. मंडळे असोत वा नसोत, तिन्ही विभागांच्या निधीवाटपाचा वार्षिक अहवाल नागपूरच्या अधिवेशनात पटलावर ठेवावा आणि त्यावर एक पूर्ण दिवस द्यावा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. पुढचे अधिवेशन संपल्यावर वाचकांनी आपल्या आमदाराचे नाव त्यात शोधावे, आपल्या तालुक्याबद्दल मंत्र्याने काय लिहून दिले ते वाचावे आणि जिथे आकड्याच्या जागी ‘कार्यवाही चालू आहे’ असे आढळेल, तिथे आमदाराला गाठून पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा विचारायला सांगावे.