उपकार आणि वकीलपत्र

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या माणसाला डॉक्टर, वकील आणि मुलांची शाळा यांची निवड बहुधा ओळखीवरूनच करावी लागते. गावाकडे वकिलाची दोन पिढ्यांची कीर्ती आपल्याला ठाऊक असते. दिल्लीत मात्र ‘आपल्याकडचे आहेत’ एवढी शिफारस पुरेशी ठरते. यात काही गैर आहे असे नाही. परंतु अशा वकिलाला बदलावे काय, असा प्रश्न ज्या दिवशी उभा राहतो, त्या दिवशी तो नुसता व्यवहाराचा राहत नाही, नीतीचा होऊन बसतो.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ केंद्र सरकारच्या सेवेत असून मुनिरक्यात राहतात. बाह्य रिंगरोड ओलांडताना त्यांच्या पत्नीला मोटारीची धडक बसली आणि तिचा उजवा हात कोपरात कायमचा आखडला. दावा चालवायला वकील मिळाले तेही मराठीच. अपघाताच्या रात्री ते रुग्णालयात धावून आले. फी घेतली ती नावापुरती. दोन्ही घरांत दिवाळीच्या फराळाची देवघेव सुरू झाली. अशी दोन वर्षे गेली. अर्जात ‘गृहिणी, उत्पन्न नाही’ एवढेच लिहिले होते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी वैद्यकीय मंडळाकडे जाण्याची तजवीज झालेली नव्हती. तारखेला कोणी कनिष्ठ वकील येई आणि पुढची तारीख घेऊन जाई. हे सारे दिसत असूनही गृहस्थ म्हणत, “पडत्या काळात त्यांनी आम्हांला हात दिला. आता कोणत्या तोंडाने वकीलपत्र परत मागू?”

आता या दोन उणिवा क्षुल्लक आहेत काय, ते पाहू. अवयवाचे अपंगत्व किती टक्के हा एक प्रश्न आणि त्यापायी कमाईची शक्ती किती गेली हा दुसरा, असा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिल्लीच्याच एका जखमीच्या दाव्यात स्पष्ट केला. डावा हात तुटला तर सुताराचा धंदाच बुडेल. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. म्हणजे दाखला तर हवाच, शिवाय त्या हाताने ते माणूस काय करीत होते, हेही पुराव्याने सांगावे लागते. गृहिणीच्या श्रमालाही मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरले पाहिजे, हे त्याच न्यायालयाने २०२१ साली पुन्हा ठासून सांगितले. तेव्हा ‘उत्पन्न नाही’ असे लिहून थांबणे म्हणजे अशिलाचा निम्मा दावा स्वतःच सोडून देणे होय.

याची दुसरीही बाजू आहे. दिरंगाईचा प्रत्येक दोष वकिलाच्या माथी मारता येत नाही. १९८८ साली दिल्लीत बसच्या अपघातात कृषी संशोधन परिषदेतील एक शास्त्रज्ञ मरण पावले. त्यांच्या कुटुंबाच्या दाव्याचा अखेरचा निकाल २००९ साली लागला. एकवीस वर्षांत किती वकील बदलले असते तरी न्यायालयाचे कॅलेंडर बदलले नसते. शिवाय आपल्या वर्गाला बदलीची घाई असते. हुकूम येण्यापूर्वी सारे आटोपावे, या उतावळेपणाने कित्येक जण चांगला वकील सोडतात किंवा विमा कंपनी देईल त्यावर तडजोड करतात. म्हणून पारख निकालावरून करू नये. वकिलाच्या हातातले जे काम, ते झाले की नाही, यावरून करावी.

कायद्याने अशिलाची वाट मोकळीच ठेवली आहे. न्यायालयाच्या अनुमतीने वकीलपत्र रद्द करता येते. नव्या वकिलाने आधीच्याची संमती घ्यावी, ती न मिळाल्यास न्यायालयाची परवानगी मागावी, असा वकिलांच्या परिषदेचा नियम आहे. फी थकली म्हणून वकिलाला कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले. आणि १९५४ साली, वसुलीतला निम्मा वाटा फी म्हणून ठरवून घेणाऱ्या मुंबईच्या एका वकिलाचे ते वर्तन त्या न्यायालयाने गैर मानले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. वकील दाव्याचा भागीदार होऊ नये, हे त्यामागचे तत्त्व. पैशाची भागीदारी जर वर्ज्य, तर स्नेहाच्या भागीदारीने दावा खाल्ला तर चालेल काय?

आमच्या गृहस्थांच्या विचारात चूक होती ती इथे. उपकार झाले होते त्यांच्यावर. हात गेला होता पत्नीचा. अर्जदार तीच होती आणि तिला कोणी विचारलेच नव्हते. विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मला पोळी लाटता येत नाही, हे अर्जात लिहिलंय का?” कृतज्ञता हा मोठा गुण खरा, पण तिची फेड आपल्या पदरचे देऊन करायची असते. दुसऱ्याच्या हक्कातून ती करणे म्हणजे परक्याच्या तिजोरीतून दानधर्म करणे. अर्जदार आपली बायको, आई किंवा घरची मोलकरीण असली, तरी ती तिजोरी आपली होत नाही.

मग करावे काय? प्रथम वकिलांना समक्ष भेटून, कागदावर लिहून, नेमके प्रश्न विचारावेत: दाखला केव्हा, साक्षीदार कोण, अर्जात दुरुस्ती कधी? ठरावीक मुदत द्यावी. कित्येकदा एवढ्यानेच काम मार्गी लागते आणि स्नेहही टिकतो. न लागले, तर वकील बदलावा. मात्र पुरावा संपत आला असताना बदलणे कितपत हिताचे, हे नव्या वकिलाकडून आधी समजून घ्यावे. निरोप कोणाच्या हाती पाठवू नये. देणे असेल ते चुकते करावे, आणि महाराष्ट्र मंडळाच्या अंगणात त्या गृहस्थांची निंदा करीत बसू नये. त्या रात्री ते धावून आले होते हे सत्य वकीलपत्र परत घेतल्याने खोटे ठरत नाही. दिवाळीचा डबा त्यांच्या घरी पूर्वीप्रमाणेच जावा. तो त्यांनी परत पाठवला, तरी पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावा.