झेपेल तेवढं रूप

चिखलीत केबलच्या कंट्रोल रूममध्ये बसून मी सप्ताहातली कीर्तनं आणि रेणुकादेवीची यात्रा घरोघरी पोचवतो. सर्व्हरवर कॅस्परसीजी आहे, स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीत घडलेलं मोफत सॉफ्टवेअर. त्याच्या कॉन्फिग फाइलीत दर चॅनेलला 'व्हिडिओ मोड'ची एक ओळ असते. तिथं 'पाल' लिहिलं की ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र बाहेर पडतं. '१०८० आय ५०००' लिहिलं की १९२० बाय १०८० चं. गुणाकार करून पाहा, दुसरं पहिल्याच्या बरोबर पाचपट भरतं.

मी पाल लावतो हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या टाळकरी पोरानं विचारलं, "दादा, देवीचं रूप पूर्ण असताना तुम्ही कमी करून काहून देता?"

प्रश्न यंत्राचा नव्हता, म्हणून उत्तरही गीतेच्या अकराव्या अध्यायात शोधावं लागलं. अर्जुनानं सगळं पाहायला मागितलं. दिव्य दृष्टी मिळाली, विश्वरूप दिसलं, आणि तोच घाबरून ओळखीचं रूप परत मागू लागला. कृष्णानं ते दिलं. म्हणून कृष्ण काही उणा झाला नाही. ज्यांच्या घरी अजून जुना एसडी बॉक्स आहे, त्यांना एचडी पाठवलं तर अंधुक नव्हे, काहीच दिसत नाही. शिवाय लहान करताना यंत्र चार ठिपके फेकून एक ठेवत नाही. शेजारच्या ठिपक्यांचा मिळून एक करतं. घेणाऱ्याला झेपेल एवढं करून देणं याला मी दया म्हणतो.

खोट आहे ती उलट्या प्रवासात. जुन्या व्हीएचएस कॅसेटवरचं कीर्तन १०८० वर ताणलं, की मधले ठिपके यंत्र शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरतं. चित्र मोठं होतं, पण महाराजांच्या कपाळावरची एकही नवी सुरकुती त्यात येत नाही. आल्यासारखी वाटली तर ती यंत्राची. वैकुंठाच्या दारावरचे खिळेसुद्धा मोजून सांगणारे वक्ते ऐकले की मला हेच आठवतं. पाहिलं एवढंसं, सांगणं पाचपट.

पोरगा हुशार. म्हणाला, "मंग माउलींनी काय केलं? सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या!"

मी बराच वेळ गप्प होतो. शके १२१२ मध्ये नेवाशाला माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, ते वाढवणं होतंच. पण ज्ञानदेवांनी शब्दाशेजारचा शब्द पाहून मधली जागा भरली नाही. गीता ज्याच्याविषयी बोलते, ते त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. मूळ चित्रणच हाती असलेला माणूस हवं तेवढं मोठं करून दाखवू शकतो. आपल्या हाती कॅसेट आहे. म्हणून ती लावायची असली की मी चॅनेल पालवरच ठेवतो, आणि धर्मावर बोलायची वेळ आली की जीभही.