सेवेची पहिली पायरी

रुग्णसेवेंत शिरूं पाहणाऱ्या मुलीनें दोन वर्षांचा 'एएनएम' अभ्यासक्रम पुरा करून उपकेंद्रांत जावें, कीं तीन वर्षें 'जीएनएम' शिकून रुग्णालयांत राहावें? उपकेंद्रावर सपाटींत 5000, डोंगराळ मुलखांत 3000 लोकवस्तीचा भार असतो, आणि अवघड प्रसंगीं डॉक्टर बहुधा दूर असतो. रुग्णालयांत रात्री जागून काढाव्या लागतात, परंतु मदत हाकेच्या अंतरावर असते. वडीलधारीं माणसें पगार व प्रतिष्ठा विचारतात. तें गैर नाहीं. पण खरा प्रश्न निराळा आहे. एकटीनें निर्णय घेण्याचें बळ आपणांस आहे, कीं सोबतीनेंच आपला हात स्थिर राहतो? स्वभाव न ओळखतां केलेला त्याग अखेर रोग्यालाच भोंवतो. म्हणून येथें आत्मपरीक्षण हा स्वार्थ नव्हे. तो सेवेचाच आरंभ होय.