सापडलेल्या धनाचे वाटेकरी

१७ नोव्हेंबर १९९७. संकष्टी चतुर्थीचा दिवस. दिवेआगरात पोफळीच्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता, वजनाने किलोभराहून जास्त, आणि सोबत दागिने. श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावाकडे तोवर बाहेरच्या जगाचे लक्ष जायचे ते रोठा सुपारीपुरते. त्या दिवसानंतर मुंबई-पुण्याच्या गाड्या गावात येऊ लागल्या, घरांच्या पडव्यांत पाहुण्यांच्या पंगती बसू लागल्या आणि मंदिरापाशी रांगा लागल्या. जमिनीत सापडलेल्या धनाचे काय करायचे याचा कायदा इंग्रजांनी १८७८ मध्येच करून ठेवला होता. तरीही हा मुखवटा संग्रहालयाच्या काचेमागे गेला नाही. गावातच राहिला.

त्याच्या दीड वर्ष आधी, ३१ मे १९९६ रोजी, नॉर्वेच्या अर्थखात्याने एका नव्या खात्यात पहिला भरणा केला. रक्कम सुमारे दोन अब्ज क्रोनर. उत्तर समुद्रातल्या तेलाची कमाई देशाने सगळी आजच खाऊन टाकू नये, पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवावी, म्हणून १९९० मध्ये केलेल्या कायद्याने हा निधी उभा राहिला होता. २०१७ मध्ये त्याने एक हजार अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला.

एका गावाच्या मुखवट्याची आणि एका देशाच्या तेलाची ही सांगड वरवर विजोड वाटेल. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: न पेरता हाती आलेल्या धनाचे वाटेकरी कोण? या प्रश्नाचे उत्तर देताना समाजाची आणि त्याच्या पुढाऱ्यांची जेवढी ओळख पटते, तेवढी निवडणुकीतही पटत नाही. विसाव्या शतकाची शेवटची तीस वर्षे रायगडचा किनाराही याच प्रश्नाशी झगडत होता, कारण समुद्राखालचे तेल त्याच्याही दाराशी आले होते.

नॉर्वेचे पुढारी काही देवदूत नव्हते. त्यांचे मोठेपण एवढेच की पैसा येण्याआधी त्यांनी नियम केले. १९६२ मध्ये फिलिप्स या अमेरिकी कंपनीने पत्र पाठवले. समुद्रतळाच्या शोधाचे सगळे हक्क आम्हाला द्या, दरमहा एक लाख साठ हजार डॉलर देतो. तेलाचा थेंबही सापडलेला नव्हता आणि मासेमारी व जहाजांवर जगणाऱ्या देशाला ती रक्कम लहान नव्हती. सरकारने नकार दिला. मे १९६३ मध्ये त्या समुद्रतळावर देशाची मालकी जाहीर केली, मग ब्रिटन आणि डेन्मार्कशी सीमा ठरवल्या. १९६९ च्या अखेरीस एकोफिस्कचे प्रचंड तेलक्षेत्र सापडले तेव्हा मालक कोण, हा वाद शिल्लकच नव्हता. १९७१ मध्ये संसदेच्या समितीने तेलधोरणाची दहा कलमे मांडली. देखरेख देशाची असावी, तेल किनाऱ्यावर आणावे, आणि वापरता येण्याजोगा वायू जाळून टाकायला परवानगी नसावी, अशी ती कलमे होती.

या कामात फारूक अल-कासिम नावाच्या इराकी भूवैज्ञानिकाचा वाटा मोठा होता. मूळचा बसऱ्याचा, बायको नॉर्वेची. मुलाच्या आजारावर उपचार मिळावेत म्हणून १९६८ मध्ये तो ओस्लोला आला, काम मिळेल का हे विचारायला उद्योगखात्यात गेला, आणि खात्याने त्याला ठेवून घेतले. तेलाने श्रीमंत झालेले आणि तेलानेच पोखरलेले देश त्याने जवळून पाहिले होते. एका परक्या माणसाचे अनुभवाचे बोल ऐकून घेण्याइतके ते खाते शहाणे होते, हे आवर्जून नोंदवायला हवे.

आता आपल्या समुद्राकडे. १९ फेब्रुवारी १९७४ रोजी ‘सागर सम्राट’ या जहाजाला मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले. मे १९७६ मध्ये बॉम्बे हाय या तेलक्षेत्राचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे समुद्राखालच्या नळांतून तेल-वायू रायगड जिल्ह्यातल्या उरणला येऊ लागला. उरणचे वायूवर चालणारे वीजकेंद्र, अलिबागजवळ थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, हे सारे त्याच वायूवर उभे राहिले. मात्र कारखाने तयार होईपर्यंत कित्येक वर्षे बराच वायू समुद्रातच जाळला गेला. नॉर्वेने जे आधीच बंद केले होते, ते आपल्याकडे नाइलाज म्हणून चालले.

राज्यघटनेच्या २९७ व्या कलमाप्रमाणे समुद्रातली खनिजे केंद्राची आहेत. ते योग्यही आहे. बॉम्बे हायचे तेल एकट्या उरणचे नाही, बिहारचेही आहे. पण ज्या किनाऱ्याने त्यासाठी जमीन दिली, खाडी दिली, मासेमारीच्या जागा सोडल्या, त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा हे कोणी आधी ठरवलेच नाही. सगळे भांडण नंतर झाले, आणि रस्त्यावर झाले.

ते भांडण ज्यांनी उभे केले त्यांत सर्वांत उंच माणूस दि. बा. पाटील. उरण तालुक्यातल्या जासई गावचे, १९२६ चा जन्म, व्यवसायाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे आमदार आणि खासदार. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या जाऊ लागल्या. शेजारी न्हावा-शेवा बंदराचे काम होतेच. शेतकऱ्याच्या हातात एकदाच काही रुपये ठेवायचे आणि नंतर त्याच जमिनीवर शहराने पिढ्यान्पिढ्या कमवायचे, हा व्यवहार दि. बां.ना मान्य नव्हता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. पुढे सरकारला साडेबारा टक्क्यांचे तत्त्व स्वीकारावे लागले: घेतलेल्या जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड मूळ मालकाला परत. जमीन गेली तरी तिच्या वाढत्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा राहावा, हा विचार साधा दिसतो, पण भूसंपादनाच्या आपल्या इतिहासात तो फार मोठा आहे. दि. बां.च्या मागे या जिल्ह्याची परंपराही होती. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला होता.

नॉर्वेतही अशी लढाई झाली. उत्तरेच्या आल्टा नदीवर धरण बांधायला तिथल्या सामी लोकांनी विरोध केला, कारण त्यांच्या रेनडिअरांच्या वाटा आणि मासेमारी त्यात जात होती. १९७९ मध्ये संसदेसमोर तंबू ठोकून सामींनी उपोषण केले. जानेवारी १९८१ च्या कडाक्याच्या थंडीत सुमारे ६०० पोलिसांनी साखळ्यांनी स्वतःला बांधून घेतलेल्या निदर्शकांना उचलून हलवले. पुढच्या महिन्यात ग्रो हार्लेम ब्रुंटलँड देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि दोन-चार दिवसांत सामी बायकांचा एक गट भेटीला म्हणून त्यांच्या कार्यालयात गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. धरण झालेच. पण १९८९ मध्ये सामींची स्वतःची निवडून आलेली संसद उभी राहिली. आल्टाला कोणी मेले नाही, उरणला पाच माणसे गेली. दोन्ही आंदोलनांची तुलना करताना हा फरक सर्वांत आधी मांडायला हवा. बाकीचे फरक त्याच्यानंतर.

याच ब्रुंटलँडबाईंच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८७ मध्ये ‘आपले सामाईक भविष्य’ हा अहवाल दिला. आजच्या गरजा भागवताना पुढच्यांच्या गरजांवर घाला घालू नये, ही त्यातली कल्पना जगभरच्या सरकारी कागदांत शिरली. १९८६ च्या त्यांच्या मंत्रिमंडळात अठरापैकी आठ स्त्रिया होत्या. त्या डॉक्टर होत्या, पर्यावरणमंत्री राहिल्या होत्या, आणि त्यांचा देश तेल विकतच राहिला. हा विरोधाभास नॉर्वेच्या अंगाला कायमचा चिकटलेला आहे. तो लपवून त्या देशाचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

रायगडच्या सार्वजनिक जीवनात त्या काळी सर्वांत मोठे नाव बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे. म्हसळा तालुक्यातले आंबेत हे त्यांचे गाव, श्रीवर्धन हा मतदारसंघ. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. निराधार विधवा आणि वृद्धांना महिन्याला पैसे देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले तेही तेव्हाच. कामाचा झपाटा विलक्षण. पण इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला बिल्डरांनी दिलेल्या देणग्या आणि टंचाईच्या काळातले सिमेंटचे वाटप यांची सांगड असल्याचा ठपका मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी ठेवला, आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांना पायउतार व्हावे लागले. १९८९ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. कोकणच्या माणसाला त्यांच्याबद्दल वाटणारी माया खरी होती आणि निराधार बाईच्या हातात पडलेली रक्कमही खरी होती. तरीही गरजू कलावंतांसाठी म्हणून गोळा होणारा पैसा कोणाच्या नावे, कोणत्या नियमाने, कोणाला विचारून गोळा होतो, याचे उत्तर एका माणसाच्या सदिच्छेवर सोडता येत नाही. नॉर्वेच्या निधीत हेच टाळले आहे. तिथे अर्थमंत्री बदलतो, वही तीच राहते.

याच जिल्ह्यातून आणखी एक उत्तर आले होते. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्याला झाला. त्यांच्या स्वाध्याय परिवाराने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत ‘मत्स्यगंधा’ नावाच्या होड्यांचा प्रयोग केला. होडी कोणा एकाच्या मालकीची नाही. गावातले लोक पाळीपाळीने तिच्यावर कामाला जातात, मजुरी घेत नाहीत, आणि मिळकत देवाची मानून गरजूला दिली जाते. शेतीत हेच तत्त्व योगेश्वर कृषीच्या रूपाने आले. मालक नसलेल्या या कमाईला ते अपौरुषेय लक्ष्मी म्हणत. आठवले यांना १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला. नॉर्वेचा पहिला भरणा आणि दिवेआगरचा मुखवटा याच दोन वर्षांतले. ओस्लोच्या अर्थखात्याने जे कायद्याने केले, ते कोळ्यांच्या होडीवर श्रद्धेने चालले. श्रद्धेची ताकद अशी की पोलीस लागत नाही. तिची मर्यादा अशी की ती परिवाराबाहेरच्या कारखान्याला आणि बंदराला बांधू शकत नाही. त्या होडीतला विचार राज्याच्या तिजोरीपर्यंत पोचला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मनातून जात नाही.

समुद्राने या किनाऱ्यावर दुसरेही काही आणून टाकले. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत दिवेआगरच्या दक्षिणेला शेखाडीला शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसे गेली. पुढे टाडा न्यायालयाने काही सीमाशुल्क अधिकारी आणि पोलिसांनाही दोषी ठरवले. सार्वजनिक जीवनाबद्दल बोलताना आपण पंतप्रधान आणि मुख्यमंत्री मोजतो, पण त्या रात्री देशाचे भवितव्य नाक्यावरच्या शिपायाच्या हातात होते. नॉर्वेलाही असा धडा मिळाला होता. २७ मार्च १९८० रोजी ‘अलेक्झांडर किलँड’ हा तरंगता फलाट उलटला आणि २१२ पैकी १२३ कामगार बुडाले. चौकशीत कारण निघाले एका आधारदांडीतली, एका किरकोळ जोडकामापाशी सुरू झालेली भेग.

दिवेआगरच्या मुखवट्याचेही असेच झाले. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी दोन रखवालदारांना ठार मारून तो पळवला. किलोभर सोने, त्याच्यावर उभे राहिलेले अख्ख्या गावाचे अर्थकारण, आणि राखायला दोन माणसे. दरोडेखोर पकडले गेले, २०१७ मध्ये अलिबागच्या न्यायालयाने जन्मठेपेच्या शिक्षा दिल्या, पण मुखवटा तोवर वितळवला गेला होता. परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये मंदिरात बसला. मधली साडेनऊ वर्षे गावातल्या खाणावळवाल्यांना विचारावीत. धन सामाईक असले की त्याची राखणही सामाईक असावी लागते. ती गावाने आणि सरकारने मिळून करायची होती.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने याच पट्ट्यात जमीन गाठली आणि पोफळी, नारळ मुळासकट लोळवले. पोफळीचे रोप लावले की पीक हातात यायला सहा-सात वर्षे जातात. आजा लावतो, नातू सुपारी वेचतो. वाडीवाल्याला पुढच्या पिढीचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. नॉर्वेने तोच हिशेब कायद्यात बसवला, आपल्याकडे तो कुंपणाच्या आतच राहिला.

आता पुन्हा एक संधी दारात आली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. बंदर आधीच मोठ्या उद्योगसमूहाकडे गेले आहे. माणगाव, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांत जमिनीचे भाव हलू लागतील, दलाल आधी येतील आणि नियम नंतर, जर नियम आत्ताच केले नाहीत तर. बंदराच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा या तालुक्यांच्या निधीत जावा. त्या निधीचे फक्त व्याज खर्च व्हावे. त्याची वही दरवर्षी ग्रामसभेपुढे उघडी ठेवावी, आणि खाडीतल्या मच्छीमारांची नावे जमीनमालकांच्या शेजारी वाटेकरी म्हणून आत्ताच नोंदवावीत. हे सगळे पहिली वीट लागण्याआधी, कागदावर, सहीशिक्क्यानिशी व्हायला हवे. उरणच्या पाच घरांनी याची किंमत एकदा मोजली आहे.