माती पुरेल तिथे

सावकाश बसा. खांदे सैल सोडा. श्वास येतो आहे, जातो आहे. त्याला आवरू नका.

आता मातीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. चीनमध्ये चेंगदूजवळच्या एका थडग्यात तो १९५७ साली सापडला. हान काळातला, सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा, दोन फुटांच्या आतला कथेकरी. काखेत ढोल धरलेला, दुसरा हात वाजवायला उगारलेला. पोट उघडं, कपाळावर आठ्या, तोंडभर हसू. गोष्ट ऐन रंगात आली असावी, कारण त्याचा एक पाय वर उडाला आहे आणि अनवाणी तळवा थेट आपल्याकडे वळला आहे. त्या तळव्यावर नजर ठेवा. घाई नको.

आता त्याच्याही सहाशे वर्षं मागे चला. इ.स.पू. ४३३च्या सुमारास त्सेंग राज्याचा अधिपती यी वारला. १९७८ साली त्याचं थडगं उघडलं, तेव्हा आत ६५ काशाच्या घंटांचं वाद्य होतं आणि २१ तरुण स्त्रिया. सर्वांत लहान मुलगी तेराएक वर्षांची. त्यांतल्या कित्येक त्याच्या वादक आणि नर्तकी असाव्यात, असं अभ्यासक मानतात. मेल्यावरही धन्याची करमणूक थांबू नये, म्हणून त्यांचं जगणं थांबवलं गेलं. इथे थांबा. एकवीस श्वास घ्या, एकेकीसाठी एक.

ही रीत एका दिवसात सुटली नाही. हळूहळू मागे पडत गेली. हान काळातल्या थडग्यांत लांब बाह्यांच्या नर्तकी आहेत, डोंबारी आहेत, वादक आहेत, आणि ते मातीचे आहेत. नर्तकीचे हात शोधा. ते दिसणार नाहीत, बाहीच हातापुढे वाहत गेली आहे. जिला पाहून कुंभाराने ती घडवली असेल, ती नाचून झाल्यावर घरी गेली असेल, जेवली असेल, म्हातारी झाली असेल. मातीने तिची जागा घेतली, हे मातीचे उपकार.

आता स्वतःकडे वळा. माझ्या सुखासाठी आज कोण उभं आहे? कोणाची झोप, कोणाची उमेद मी हक्काने खर्चतो आहे? उत्तर टाळू नका. ते नावानिशी समोर येऊ द्या.

डोळे उघडाल तेव्हा त्या एका माणसाला आज मोकळं करा. जिथे माती पुरेल, तिथे माणूस मागू नका.