सबुरी कोणी धरायची?

मांडवगण फराटा हे भीमेच्या काठचे गाव. तालुका शिरूर, नदी ओलांडली की दौंड तालुका. बागायती पट्टा, त्यामुळे चहूकडे ऊस. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, गावाबाहेर मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि हंगाम संपला की तिथे चुलींची राख तेवढी उरते. निवृत्तीनंतर मी गावी राहायला आलो, तेव्हापासून हे दरवर्षी पाहतो आहे.

गेल्या हंगामात एका सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेलो होतो. पायरीवर एक मजूर बाई बसली होती. अंगात ताप होता, हे तिच्या डोळ्यांवरूनच कळत होते. मी म्हणालो, "ताई, आत जाऊन जरा पडा की. डॉक्टर आहेत."

"पडून कसं चालंल चाचा? सुई टोचून घेते आन् फडात जाते. न्हाई गेले तर खाडा पडंल."

खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको हंगामभरासाठी बांधले जातात. त्या दोघांच्या जोडीला म्हणायचे 'एक कोयता'. दोन जित्या माणसांची मोजणी एका हत्याराने होते. या जोडीतले एक जरी आजारी पडले तरी मजुरी बुडते, शिवाय खाड्याचा दंड हिशेबात धरला जातो. आजारपण हा तिथे गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा ठरलेली आहे.

'खाडा' हा शब्द मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. पण त्या दिवशी तो मनात रुतून बसला. कारण मीही एकदा एका माणसाला खाडा नाकारला होता. फक्त आमच्या नोकरीत त्याला 'रजा' म्हणत.

मी एकतीस वर्षे बँकेत होतो. शेवटची काही वर्षे शाखाधिकारी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनात असलेल्या रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या नोटांत होती. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. १० तारखेला दार उघडले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेलेली होती. १२ आणि १३ तारखेला शनिवार-रविवार असूनही बँका चालू ठेवायच्या होत्या. सकाळी एक सूचना येई, दुपारी दुसरी. वरून फोन, बाहेरून आरडाओरडा. त्या दिवसांत आम्ही जेवलो कधी आणि झोपलो कधी, हे आज आठवत नाही.

शनिवारी सकाळी आमचा तरुण रोखपाल केबिनमध्ये आला. आईचे ऑपरेशन ठरले होते. "साहेब, दोनच दिवस द्या," एवढेच तो म्हणाला. वरून रजा बंद केलेल्या होत्या हे खरे. पण अशा कारणासाठी सोडण्याइतकी मोकळीक माझ्या हातात होती. मी अर्ज हातातही घेतला नाही. म्हणालो, "बाहेर रांग बघतोस ना? त्रास सगळ्यांनाच आहे. जरा सबुरी धर."

तो खिडकीवर जाऊन बसला. रविवारी रात्री हिशेब जुळवताना वीस हजार रुपये कमी आले. तीनदा मोजले, तरी कमीच. कमी आलेली रोकड रोखपालाने भरायची, ही बँकेतली जुनी रीत. त्याने उसने घेऊन ती भरली. ऑपरेशनच्या कागदावर त्याच्या मेहुण्याने सही केली. आई सुखरूप घरी आली, ही अल्लाहची मेहेरबानी; माझे त्यात काही नाही.

काही महिन्यांनी त्याची बदली झाली. निरोपाच्या चहानंतर तो एकटाच थांबला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, पैसे गेले त्याचं काही नाही. तुम्ही सबुरी धर म्हणालात, ते लागलं. तुम्ही आत बसला होतात."

हे वाक्य मला अनेक वर्षे पुरले आहे. त्यातूनच या लेखाचा प्रश्न निघाला. कामाचे ओझे जेव्हा माणसाच्या ताकदीबाहेर जाते, तेव्हा सबुरी कोणी धरायची? ज्याच्या डोक्यावर ओझे आहे त्याने, की जो ते चढवतो त्याने?

आपल्या घरांत सब्र हा फार मोठा शब्द आहे. मराठीने तोच 'सबुरी' म्हणून आपलासा केला. आजार आला, मयत झाली, पाऊस गेला, तर सब्र करावा, हे आपण आईच्या मांडीवर शिकतो. त्या शिकवणीत मोठी ताकद आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु हा सब्र ज्याच्यापुढे माणसाचा इलाज नाही, अशा गोष्टीसाठी आहे. माणसाने माणसावर टाकलेले ओझे आभाळातून पडलेले नसते. ते कोणीतरी ठरवलेले असते आणि ठरवणाऱ्याला ते कमीही करता येते. अशा ठिकाणी दुसऱ्याला सब्र शिकवणे म्हणजे आपल्या निर्णयाला तकदीर म्हणणे होय. त्या दिवशी मी नेमके हेच केले.

आजकाल ताणतणावावर व्याख्याने होतात, शिबिरे भरतात. कामांची यादी करा, महत्त्वाचे आधी उरका, दीर्घ श्वास घ्या, सकाळी चालायला जा, रात्री फोन बाजूला ठेवा. यातले काही खोटे नाही. मी स्वतः रोज नदीपर्यंत चालत जातो आणि त्याचा गुण येतो. पण या सगळ्या उपदेशाचे तोंड एकाच बाजूला आहे. तो ओझे वाहणाऱ्याला शहाणे करतो. ओझे चढवणाऱ्यांसाठी कोणी शिबिर भरवलेले मी पाहिले नाही. त्यामुळे कोलमडलेल्या माणसाला शेवटी असे वाटू लागते की, आपल्यालाच जमले नाही, आपणच कच्चे निघालो.

कच्चेपणाचा हा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात आढळले. अशा दीर्घ कामाशी जोडलेले मृत्यू २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार होते. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत काम करणारी २६ वर्षांची सनदी लेखापाल वारली. नोकरीला लागून तिला चार महिनेच झाले होते. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखाला पत्र लिहून कळवले आणि देशभर चर्चा झाली. संस्थेला हा आरोप मान्य नव्हता. खरेखोटे ठरवणे माझे काम नाही. पण त्या आईने प्रश्न योग्य दाराशी नेला, एवढे मला निश्चित वाटते.

दुसरे टोक पुन्हा ऊसतोडीचे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. कारणे अनेक होती. पण पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, ही धास्तीही त्या चर्चेत पुढे आली. वातानुकूलित कचेरीतली लेखापाल आणि फडातली मजूर बाई यांच्यात कितीतरी अंतर आहे. भीती मात्र दोघींची एकच: आज थांबले तर काय होईल?

रजा हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ राजीखुशी, संमती. अल्लाहची रजा आपण म्हणतो, ती हीच. म्हणजे रजा मागणारा माणूस वरिष्ठाची खुशी मागत असतो. शब्दातच कृपा आहे, हक्क नाही. ही कृपा हक्कात बदलायला आपल्या महाराष्ट्रात लढा द्यावा लागला. पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरशी नाते सांगणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या काळी कामगार दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत आणि आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. याच लोखंड्यांनी १८९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुसलमान दंगलीनंतर सलोख्यासाठी कष्ट घेतले, हेही आपण विसरू नये. आणि त्या रविवारनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या प्रमुखांना माणसांकडून रविवारीही काम करून घेता येत नाही याची खंत वाटावी, आठवड्याला ९० तास काम व्हावे असे वाटावे, हे पाहून मन विषण्ण होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खरा आहे. नोटाबंदीच्या त्या दिवसांत रांगेत उभी असलेली माणसेही माणसेच होती. कोणाला औषधाला पैसे हवे होते, कोणाच्या घरी लग्न होते. रोखपालाला सोडले असते तर त्यांचे काय? कामावरचा हक्क आणि आरामाचा हक्क यांच्यात निवड करायची वेळ येते, तेव्हा उत्तर सोपे नसते. मीही बरीच वर्षे याच आक्षेपाच्या आडोशाला बसलो होतो.

त्या आडोशातून मला बाहेर काढले ते लहानपणापासून ऐकलेल्या एका हदीसने. हजरत अबू जर यांनी रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सुनावले, ती हदीस वाचकांना ठाऊकच आहे. आपल्या हाताखालची माणसे आपले भाऊ आहेत, आपण खाऊ तेच त्यांना द्यावे, त्यांच्या ताकदीबाहेरचे काम त्यांना सांगू नये, असा तिचा आशय. हे सगळे आपण वाज ऐकताना मान डोलावत ऐकतो. पण शेवटचा भाग निसटतो. असे काम सांगावेच लागले, तर त्यांना मदत करावी.

म्हणजे ताकदीबाहेरचे काम कधीतरी सांगावे लागेल, हे तिथे गृहीत धरले आहे. अडचणीचा काळ नाकारलेला नाही. फक्त त्या काळात सांगणाऱ्याची जागा बदलते. त्याने केबिनमधून उठायचे असते. मलाही नोटा मोजता येत होत्या. माझी नोकरी रोख खिडकीवरूनच सुरू झाली होती. दोन दिवस मी त्या खिडकीवर बसलो असतो, तर रांगही चालली असती आणि मुलगा आईजवळ असता. फोन वाजत राहिले असते, एवढेच. "तुम्ही आत बसला होतात," या त्याच्या वाक्याचा अर्थ हा होता.

दोष एकट्या माझा नव्हता. माझ्यावरही ओझे होते, माझ्या वरिष्ठांवरही. ओझ्याचा स्वभावच असा की, ते खाली खाली सरकते आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्या डोक्यावर थांबते. या उतरंडीत आपण सगळे कुठेतरी मध्ये उभे आहोत. बाहेर दबलेला माणूसही घरी आला की साहेब होतो. रमजानचीच गोष्ट घ्या. सहरीला सगळ्यांच्या आधी उठते कोण? रोजा धरून इफ्तारीची भजी तळते कोण? तरावीहनंतर भांडी घासते कोण? आपल्या घरातल्या बाईला खाडाच नाही. दंड भरून घ्यायचा म्हटला तरी नाही. ही गोष्ट निवृत्तीनंतर घरात दिवसभर बसू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आली. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सहरीचा चहा मी केला, तेव्हा बायको म्हणाली, "आज सूरज किधर से निकला?" हसलो खरे, पण शरमही वाटली.

म्हणून कामाच्या ताणाचा विचार करताना 'मला किती सहन होते' या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, असे मला वाटते. माझ्याकडून खाली काय सरकते? वरून नवे काम आले तर हाताखालच्या माणसाचे जुने कोणते काम मी थांबवतो? त्याच्या अडचणीच्या वेळी मी आत बसतो, की बाहेर येतो? सबुरी आधी त्याने धरावी ज्याच्या हातात हुकूम आहे. निकड, आकडे आणि वरिष्ठांची नाराजी यांच्याबाबतीत धरावी.

दवाखान्यातून परतल्यावर त्या रात्री मी रोखपालाचा नंबर शोधून फोन केला. आता तो स्वतः एका शाखेचा अधिकारी आहे. मी माफी मागितली. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "जाऊ द्या हो साहेब. तुमच्यावरही वरून दाब होता."

त्याने मोठ्या मनाने मला सोडले. पण हीच सबब मी तेव्हा स्वतःला दिली होती. ती त्याच्या तोंडून ऐकली आणि वाटले, उद्या त्याच्या केबिनमध्ये कोणी दोन दिवस मागायला आला, तर तो काय म्हणेल? मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मागच्या महिन्यातच एक जण आला होता. चार दिवस मीच कॅशवर बसलो."